दोन वर्षांच्या कराराची प्रेमकथा: 'हॅलो, लव्ह, गुडबाय' आणि हाँगकाँगमधल्या फिलिपिनो बायका

आजच्या भागात एका सिनेमामागचा इतिहास सांगायचाय. शूटिंगच्या गमतीजमती नाहीत हां. त्या सिनेमातली माणसं त्या शहरात मुळात पोहोचली कशी, आणि त्यांच्या प्रेमाला घड्याळ कुणी लावलं, हा इतिहास. एक सूचना आधीच देतो: सिनेमाचा शेवट मी सांगणार आहे, कारण सगळी गोष्टच त्या शेवटात आहे. ज्यांना आधी सिनेमा बघायचाय त्यांनी इथं थांबा, बघून या, मग ऐका.

सिनेमाचं नाव 'हॅलो, लव्ह, गुडबाय'. दिग्दर्शिका कॅथी गार्सिया-मोलिना. ३१ जुलै २०१९ ला तो फिलिपिन्समध्ये लागला आणि त्यानं ८८ कोटी पेसोंच्या आसपास धंदा केला. तेव्हाच्या भावानं साधारण १२० कोटी रुपये. तोपर्यंत एवढी कमाई कुठल्याच फिलिपिनो सिनेमानं केली नव्हती.

गोष्ट साधी आहे. जॉय नावाची फिलिपिनो मुलगी हाँगकाँगमध्ये एका कुटुंबाकडं घरकाम करते. हे काम कॅथरिन बर्नार्डोनं केलंय. ईथन, म्हणजे ऑल्डन रिचर्ड्स, तिथल्याच एका बारमध्ये बारटेंडर आहे. जॉयला कॅनडाला जायचंय, त्यासाठी ती पै-पै जमवतेय, नियमात न बसणारी जास्तीची कामं लपूनछपून करतेय. ईथनला हाँगकाँगमध्येच बस्तान बसवायचंय. दोघं भेटतात, प्रेमात पडतात. आणि शेवटी? शेवटी जॉय कॅनडाला निघून जाते.

आता आपल्याला सवय कशाची? विमानतळावर नायिका, मागून धापा टाकत येणारा नायक, आणि शेवटच्या क्षणी तिचं मागं वळणं. इथं ती जाते. आणि तरी लाखो लोकांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला. आम्हाला फसवलं, असं त्यांना वाटलं नाही. का नाही वाटलं?

माझं उत्तर असं. या सिनेमात नेहमीच्या अर्थानं खलनायक नाही. हट्टी बाप नाही, श्रीमंत प्रतिस्पर्धी नाही. खलनायक आहे तो एक कागद. दोन वर्षांचा नोकरीचा करार. आणि तो कागद काय चीज आहे, हे फिलिपिन्समधल्या घराघरांत माहीत आहे. आपल्याला तो समजून घ्यायला थोडं मागं जावं लागेल.

१९७४: सरकारनंच माणसं पाठवायला घेतली

फिलिपिनो माणसं परदेशी कामाला जाणं तसं जुनंच. १९०६ पासून ती हवाईच्या उसाच्या मळ्यांवर जात होती. पण आज आपण जे बघतो ते सुरू झालं फर्डिनांड मार्कोस यांच्या काळात. १९७२ मध्ये त्यांनी देशात लष्करी कायदा लावला. देशात बेकारी, डोक्यावर कर्ज. त्यात १९७३ चा तेलाचा भडका. तेल विकत घेणाऱ्या देशांचं कंबरडं मोडलं, पण आखाती देशांकडं पैशाचा पूर आला. तिथं रस्ते, बंदरं, इमारती बांधायला माणसं हवी होती.

१ मे १९७४ ला, कामगार दिनाच्याच मुहूर्तावर, मार्कोस यांनी नवा कामगार कायदा जाहीर केला. त्यात परदेशी नोकऱ्या लावून देण्याचं काम सरकारनं आपल्या हातात घेतलं. त्यासाठी मंडळं काढली. म्हणजे माणूस आपल्या हिमतीवर, ओळखीपाळखीनं जायचा, त्याऐवजी आता सरकार करार करणार, माणसं पाठवणार. तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट. देशात उद्योग उभे राहिले की थांबेल, असं म्हणत. ती थांबलीच नाही.

उलट तिची इतकी सवय लागली की १९८२ मध्ये मार्कोस यांनी हुकूम काढला: परदेशात काम करणाऱ्यांनी पगाराचा ठरावीक भाग सरकारमान्य बँकांमार्फत घरी पाठवलाच पाहिजे. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी तो अर्धा पगार, जहाजावरच्या खलाशांसाठी ८० टक्के. सरकारला परकी चलन हवं होतं हो! हाँगकाँगमधल्या फिलिपिनो बायका यावर भडकल्या, संघटित झाल्या, त्यांनी मोहीम चालवली. १९८५ मध्ये सरकारला ती सक्ती मागं घ्यावी लागली. ज्यांना जग 'गरीब बिचाऱ्या मोलकरणी' म्हणून बघत होतं, त्यांनी एका हुकूमशहाला एक पाऊल मागं घ्यायला लावलं. हे लक्षात ठेवा, कारण जॉय याच बायकांची पुढची पिढी आहे.

हाँगकाँगला बायका का हव्या होत्या?

आता दुसरी बाजू. सत्तरच्या दशकात हाँगकाँग झपाट्यानं श्रीमंत होत होतं. तिथल्या बायका कारखान्यांत, ऑफिसांत कामाला लागल्या. मग घरची मुलं, म्हातारी माणसं कोण बघणार? पूर्वी घरकाम करणाऱ्या चिनी बायकांची पिढी म्हातारी झाली होती. नव्या मुलींना कारखान्यातली नोकरी बरी वाटत होती. ती जागा भरायला फिलिपिन्समधून बायका आल्या. त्यांना इंग्रजी येत होतं, आणि मनिला विमानानं दोन तासांच्या अंतरावर. २०१९ पर्यंत हाँगकाँगमध्ये परदेशातून आलेल्या घरकामगारांची संख्या ४ लाखांच्या घरात गेली होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त फिलिपिन्सच्या, बाकी बहुतेक इंडोनेशियाच्या. आणि जवळजवळ सगळ्या बायका.

आता तो कागद बघू. हाँगकाँग सरकारनं ठरवून दिलेला ठरावीक नमुन्याचा करार असतो. मुदत दोन वर्षं. राहायचं मालकाच्याच घरी. बाहेर खोली घेता येत नाही. हाँगकाँगमधली घरं किती लहान, ते तुम्हाला ठाऊक असेल. अनेक जणींना स्वतःची खोली नसते, मुलांच्या खोलीत किंवा बैठकीच्या कोपऱ्यात झोपावं लागतं. आठवड्याला एक सुटी. करारातल्या मालकाशिवाय दुसरीकडं काम करायचं नाही. नवऱ्याला, मुलांना आणून ठेवता येत नाही. आणि १९८७ पासूनचा नियम: करार संपला किंवा मोडला की साधारण दोन आठवड्यांत देश सोडायचा.

पगार? सरकारनं किमान आकडा ठरवलेला आहे. सिनेमा आला तेव्हा तो महिन्याला ४,५२० हाँगकाँग डॉलर होता, म्हणजे तेव्हाचे साधारण ४० हजार रुपये. ऐकायला बरे वाटतात. पण त्यातून एजंटचं कर्ज फेडायचं, घरी पाठवायचं, आणि जगायचं जगातल्या अतिशय महागड्या शहरात.

आता या नियमांमध्ये प्रेम बसवून बघा. भेटायचं कधी? रविवारी. कुठं? स्वतःची खोली नाही, म्हणजे रस्त्यावर. किती दिवस? कराराची मुदत असेल तोवर. उद्या मालकिणीनं 'नको येऊ' म्हटलं तर? दोन आठवडे. प्रेमकथेला लागतो तो निवांत वेळ आणि चार भिंती, दोन्ही या कागदानं काढून घेतलेत. जॉय सारखी घाईत असते ती स्वभावानं नाही, कागदानं.

रविवारचं शहर

पण माणसं वाट काढतातच. हाँगकाँगच्या मध्यभागी सेंट्रल नावाचा भाग आहे. बँका, महागडी दुकानं, सुटाबुटातले लोक. रविवारी मात्र तिथं वेगळंच शहर उभं राहतं. चेटर रोड गाड्यांना बंद असतो. एचएसबीसी बँकेच्या प्रचंड इमारतीखालची मोकळी जागा, आजूबाजूचे चौक, पादचारी पूल, सगळीकडं पुठ्ठे पसरून हजारो फिलिपिनो बायका बसलेल्या असतात. डबे उघडतात, पत्ते रंगतात, कुणी कुणाचे केस कापतं, कुणी नाचाची तालीम करतं. जवळच वर्ल्ड-वाइड हाऊस नावाची इमारत आहे, तिथं फिलिपिनो खाऊची आणि पैसे पाठवण्याची दुकानं. आणि मोठमोठी खोकी भरली जातात. साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटं, मुलांचे बूट. या खोक्यांना 'बालिकबायान' म्हणतात, मायदेशी परतणारा या अर्थाचा शब्द आहे तो. बाई स्वतः परतत नाही, खोकं परततं.

घराच्या चार भिंतींतला खासगी वेळ मिळाला नाही म्हणून त्यांनी तो भर रस्त्यात थाटला. 'हॅलो, लव्ह, गुडबाय' याच गल्ल्यांमध्ये, याच रविवारांमध्ये चित्रित झालाय. म्हणून मनिलाच्या थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला हाँगकाँग हे पर्यटनाचं ठिकाण वाटलं नाही. माझी मावशी राहते ते गाव, असं वाटलं.

वीरांगना, आणि फाशीचा दोर

१९८८ मध्ये फिलिपिन्सच्या अध्यक्षा कोराझोन अकिनो हाँगकाँगला गेल्या. तिथल्या घरकामगार बायकांसमोर बोलताना त्यांनी त्यांना वीर म्हटलं. तेव्हापासून 'नवे वीर' हा शब्द तिकडं रुळला. विमानतळावर, भाषणांत, बँकांच्या जाहिरातींत तो ऐकू येतो. शब्द गोड आहे, पण त्याला काटा आहे. वीर म्हटलं की त्याग आला, आणि त्याग करणाऱ्यानं तक्रार करायची नसते.

मग आलं १९९५ साल. फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन नावाची फिलिपिनो घरकामगार बाई सिंगापूरमध्ये होती. दुसऱ्या एका फिलिपिनो बाईच्या आणि एका लहान मुलाच्या खुनाबद्दल तिला दोषी ठरवलं गेलं. ती निर्दोष आहे, आपल्या सरकारनं तिला वाचवायला काहीच केलं नाही, असं फिलिपिन्समध्ये असंख्य लोकांना वाटत होतं. १७ मार्चला तिला फाशी झाली आणि देश पेटून उठला. मोर्चे निघाले, परराष्ट्रमंत्र्याला राजीनामा द्यावा लागला, आणि जूनमध्ये स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा घाईघाईनं मंजूर झाला. त्या कायद्यातलं एक कलम फार बोलकं आहे. त्यात म्हटलंय की आर्थिक वाढ टिकवण्याचं साधन म्हणून सरकार परदेशी नोकरीला प्रोत्साहन देत नाही. आणि पुढं झालं काय? २०१९ मध्ये परदेशातून आलेल्या पैशाचा आकडा ३,३०० कोटी अमेरिकन डॉलरच्या वर होता. देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ नऊ टक्के. प्रोत्साहन नाही म्हणे!

सिनेमातली बाई कशी बदलत गेली

आता हा इतिहास डोक्यात ठेवून फिलिपिनो सिनेमे बघा. गंमत दिसते.

१९९५ मध्येच फ्लोरच्या आयुष्यावर सिनेमा आला, नोरा ऑनर ही फार मोठी अभिनेत्री त्यात होती. तिथं परदेशी गेलेली बाई म्हणजे बळी. तिचं मरण हीच गोष्ट.

२००० मध्ये आला 'अनाक', म्हणजे 'लेकरू'. व्हिल्मा सांतोसनं त्यात हाँगकाँगहून घरी परतलेल्या आईचं काम केलंय. दुसऱ्यांची पोरं सांभाळून ती आली, आणि इकडं स्वतःची पोरं तिला ओळखेनाशी झालीत. मोठी मुलगी तर रागानं धुमसतेय. तिथं परदेशी गेलेली बाई म्हणजे अपराधी आई.

२००४ मध्ये आला 'मिलान', ऑलिव्हिया लामासान यांचा. बायकोला शोधत चोरवाटेनं इटलीत शिरलेला नवरा आणि तिथं त्याला आधार देणारी फिलिपिनो मुलगी. आता परदेश म्हणजे फक्त दुःखाची जागा उरली नव्हती. तिथंही माणूस प्रेमात पडू शकतो, हे पडद्यावर आलं. पण त्या प्रेमावर अजून मागच्या घराचं ओझं होतं.

आणि मग २०१९. जॉय बळीही नाही आणि आईही नाही. तिच्यावर घरच्यांचा भार आहे, अपेक्षा आहेत, सगळं आहे. पण सिनेमा तिला एक प्रश्न विचारू देतो, जो या बायकांना आजवर कुणी फारसा विचारलाच नव्हता: बाई गं, तुला स्वतःला काय हवंय?

पंचवीस वर्षांत बळी, मग अपराधी, मग प्रेयसी, आणि मग स्वतःचा निर्णय घेणारी. हा प्रवास नुसता पटकथांचा नाही. ज्या मुलांनी 'अनाक' बघितला होता तीच मोठी होऊन आता परदेशी नोकरीला निघाली होती. त्यांनी आईचं आयुष्य बघितलेलं होतं. त्यांना वीर व्हायचं नव्हतं. त्यांना जगायचं होतं.

आपली मैना आणि त्यांची जॉय

इथं मला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. स्थलांतर आणि प्रेम म्हटलं की मराठी माणसाला अण्णाभाऊ साठ्यांची मैनेची छक्कड आठवणारच. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावाकडं राहिलेली त्याची मैना. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या मैनेला महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाचाही अर्थ आला, ते वेगळं. पण मुळातलं चित्र बघा. कोकणातला, घाटावरचा पुरुष गिरणीत येतो, गाळ्यात पंधरा-वीस जणांत पथारी टाकतो, खानावळीत जेवतो, मनिऑर्डर करतो. बाई गावात राहते, शेत बघते, म्हातारे बघते, वाट बघते. विरह आहे, पण एका टोकाला घर शाबूत आहे. परतायला जागा आहे.

फिलिपिनो गोष्टीत मैनाच निघून गेलीय. घर सांभाळणारी बाईच दुसऱ्याचं घर सांभाळायला गेली. आणि तिथं तिला जो भेटला तोही घर सोडून आलेलाच. म्हणजे या प्रेमाच्या दोन्ही टोकांना घर नाही. एक टोक करारावर, दुसरं टोकही कागदपत्रांवर. आपल्या मैनेची गोष्ट 'तो परत येईल का?' अशी आहे. जॉय आणि ईथनपुढचा प्रश्न वेगळा आहे: आपण राहायचं कुठं?

कॅनडाच का?

आणि म्हणून तो शेवट. हाँगकाँगमध्ये इतर परदेशी माणूस सलग सात वर्षं राहिला की कायमच्या वास्तव्याचा हक्क मागू शकतो. घरकाम करणाऱ्या बायकांना मात्र तो नाही. १९८६ पासून तिथं काम करणारी एक बाई याविरुद्ध न्यायालयात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालयात जिंकली. पण अपिलात तो निकाल फिरला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयानंही तिच्या विरुद्धच निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं असं की या बायका ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीसाठी येतात, करार संपल्यावर परतायचं हे त्यांना आधीच माहीत असतं. त्यामुळं त्यांचं राहणं हे कायद्याच्या भाषेतलं 'राहणं' नव्हेच. सत्तावीस वर्षं एका शहरात काढली, तरी तुम्ही तिथं 'राहिला' नाहीत!

कॅनडाचं तसं नव्हतं. तिथं १९९२ पासून घरी राहून मुलांची, वृद्धांची देखभाल करणाऱ्यांसाठी एक योजना होती. दोन वर्षं काम पूर्ण केलं की कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता यायचा, पुढं कुटुंबही आणता यायचं. ती योजना २०१४ मध्ये बदलली, नंतर नव्या योजना आल्या. पण हाँगकाँगमधल्या बायकांच्या मनात कॅनडा पक्का बसला. काम बरंचसं तेच, पण एका देशात ते करून तुम्ही कायम पाहुण्याच राहता, दुसऱ्यात तुमचं घर होऊ शकतं.

आता जॉयचा निर्णय परत बघा. ती ईथनला सोडून पैशामागं गेली, असं म्हणणाऱ्याला तो कागद माहीत नाही. हाँगकाँगमध्ये प्रेमासाठी थांबायचं म्हणजे काय, तर आयुष्यभर दर दोन वर्षांनी कुणाच्या तरी सहीची वाट बघायची. तिला प्रेम नको होतं असं नाही. तिला असं आयुष्य हवं होतं, ज्यात प्रेम करायची मुदत कुणी ठरवणार नाही. आणि ईथन तिला अडवत नाही, यात त्याचं प्रेम दिसतं. थिएटरात रडणाऱ्या लोकांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यातल्या कितीतरी जणांनी विमानतळावर कुणाला तरी असंच जाऊ दिलं होतं.

नावातले तीन शब्द बघा ना. 'हॅलो', 'लव्ह', 'गुडबाय'. येणं, मधलं जगणं, जाणं. कराराचीच तीन कलमं वाटतात.

पुढं १३ नोव्हेंबर २०२४ ला दुसरा भाग आला, 'हॅलो, लव्ह, अगेन'. तो घडतो कॅनडातल्या कॅलगरीत. एक अब्ज पेसोंचा टप्पा ओलांडणारा तो पहिला फिलिपिनो सिनेमा ठरला. त्यात काय होतं ते आज सांगत नाही, तेवढं तुमच्यासाठी ठेवतो. एवढंच सांगतो की कॅनडा म्हणजे स्वर्ग, असं तो सिनेमा म्हणत नाही. तिथंही कागद आहेतच.

पुढच्या वेळी कुठल्या सिनेमात विमानतळाचा प्रसंग आला की एक गोष्ट तपासून बघा: जाणाऱ्याच्या हातात कुठला व्हिसा आहे? बऱ्याचदा अर्धी गोष्ट तिथंच लिहिलेली असते. आणि तुमच्या घरात कुणी आखातात, जहाजावर किंवा परदेशी नोकरीला असेल, तर आज त्यांना फोन लावा. पैसे पोचले का, तब्येत कशी, हे नेहमीचं झाल्यावर एक जास्तीचा प्रश्न विचारा: तुला स्वतःला काय हवंय?

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा.